नापास करणारा कोर्स

मार्गासनीच्या शिवारात, मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेदहाला, गेनबा नावाच्या शेतकऱ्यानं शुभाला भूमितीचा एक नवा नियम ऐकवला. शुभा सरकारी भूकरमापक. लोकांच्या भाषेत मोजणीवाल्या बाई. राहायला भोरला, नेमणूक वेल्ह्याला. गेनबाच्या हातात भावाभावांच्या घरगुती वाटणीचा कागद होता आणि त्यावर एका तिकोनी तुकड्याच्या तीन बाजू लिहिल्या होत्या. पंचवीस मीटर, चाळीस मीटर, सत्तर मीटर.

"गेनबा, हा तुकडा जमिनीवर बसत नाही," शुभा म्हणाली.

"कागदावर हाय न्हवं? मग जमिनीवर बी असंलच की. लिवणारा काय येडा व्हता का, बाई?"

"बांधाबांधानं फिरून गेलात तर पंचवीस आणि चाळीस, पासष्ट. आणि मधून सरळ तोडून गेलात तर सत्तर? असा जवळचा रस्ता कधी बघितलाय तुम्ही?"

गेनबानं टोपी काढून डोकं खाजवलं. बांधावर बसलेली त्याची बायको चंद्राबाई म्हणाली, "म्या कवाधरनं सांगतीया. त्यो कागद लिवताना दोगं भाऊ बी शुद्दीवर न्हवते."

शुभानं तिन्ही बाजू नव्यानं मोजल्या, हद्दीच्या खुणा केल्या, सह्या घेतल्या. चुकीचे तीन आकडे मात्र तिनं स्वतःच्या वहीत उतरवून घेतले. त्यांचं काय करायचं हे तिला परतीच्या एसटीत, चेलाडीला गाडी बदलायच्या आधी सुचलं. सुचलं तेव्हा ती एकटीच हसली आणि शेजारची बाई जरा सरकून बसली.

शुभाची मुलगी वैदेही पंधरा वर्षांची. आठवीनंतर तिनं शाळा सोडली होती. "काढलं का हो तिला?" असं कुणी विचारलं की शुभा म्हणायची, "काढलं नाही. तिनं सोडली." फळ्यावर वैदेहीनं आपल्या पद्धतीनं सोडवलेलं बरोबर गणित बाईंनी पुसलं होतं, कारण गाइडात ते वेगळं होतं. असं सहाव्यांदा झालं तेव्हा मुलीनं दप्तर आवरलं. घरी शिकून, मुक्त विद्यालयाची परीक्षा देऊन ती दहावी झाली. इतिहास, भाषा, विज्ञान पुस्तकांवर निभत होतं. गणित निभत नव्हतं. त्रिकोण शुभाला येत होते, तिचं पोटच त्यावर होतं. पण त्याच्या पुढचं सगळं, फंक्शन, लॉगॅरिदम, वर्तुळावर फिरणारी त्रिकोणमिती, कॅल्क्युलसच्या दाराशी नेऊन उभं करणारं जे गणित बाहेर प्रीकॅल्क्युलस म्हणून शिकवतात, ते तिच्या हाताबाहेरचं होतं. वैदेहीला ते हवं होतं, आणि पोकळ नको होतं.

नवरा आनंद भोरच्या बाजारपेठेत औषधांचं दुकान चालवायचा. माणूस शांत, पण बोलला की बोलला. त्यानं एप्रिलमध्ये अट घातली होती: "जूनच्या पहिल्या रविवारपर्यंत गणिताचा नाव घेण्यासारखा कोर्स शोधा. तिला त्यात प्रवेश मिळू दे. नाही मिळाला तर अकरावीला पुण्याला, दादांनी बघितलेल्या कॉलेजात." शुभानं मान्य केलं होतं. दादा म्हणजे आनंदचे थोरले भाऊ इंद्रजित, भोर कोर्टातले वकील. त्यांनी बघितलेलं कॉलेज वसतिगृहासकट होतं. पहाटे पाचला घंटा, दिवसाला दोनशे प्रश्न, आणि प्रश्न विचारायचे नाहीत, सोडवायचे.

तर एसटीत सुचलेली गोष्ट अशी. कोर्स शोधताना शुभा इतके दिवस माहितीपत्रकं वाचत होती. मोजणीत ती कधी असं करायची नाही. कागद काय म्हणतो ते ऐकायचं आणि मग स्वतः जाऊन टेप लावायचा. आता तिच्याकडे टेप होता. गेनबाचा त्रिकोण.

"प्रत्येक कोर्सला हाच प्रश्न पाठवायचा," तिनं घरी आल्याबरोबर वैदेहीला सांगितलं. "बाजू पंचवीस, चाळीस, सत्तर. सगळ्यात मोठा कोन काढा."

वैदेहीनं आकडे बघितले, वर बघितलं. "आई, हा त्रिकोण नाहीच आहे."

"तुला कळलं. त्यांना कळतं का बघू."

पहिला कोर्स मोबाईलवरच्या ॲपचा. दहा प्रश्नांची चाचणी झाली, वैदेहीला पैकीच्या पैकी मिळाले आणि पाच मिनिटांत शेफाली नावाच्या सल्लागार मुलीचा फोन आला.

"मॅम, अभिनंदन! तुमची मुलगी आमच्या वरच्या एक टक्क्यात आहे!"

"एकूण किती जणांतला एक टक्का?"

"मॅम, खूप जण आहेत."

"बरं. शंकाविभागात एक प्रश्न पाठवलाय. त्याचं उत्तर आलं की बोलू."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, रंगीत आकृतीसकट. मोठा कोन १३३.७५ अंश. शुभानं आकडेमोड तपासली. सूत्रात घातल्यावर कोनाची कोसाइन उणे १.३३७५ येत होती. कोसाइन उणे एकच्या खाली जात नाही, म्हणजे तिथंच दिवा लागायला हवा होता. उत्तर देणाऱ्यानं उणं चिन्ह पुसलं होतं, टिंब दोन घरं उजवीकडे सरकवलं होतं आणि पुढं 'अंश' लिहिलं होतं.

"गेनबा बरा," शुभा म्हणाली. "त्यानं निदान डोकं तरी खाजवलं."

दुसरा कोर्स परदेशी, चित्रं देखणी, बोलणं गोड. शंकांना यंत्रच उत्तर द्यायचं. 'फारच सुंदर प्रश्न!' असं म्हणून त्यानं तीन कोन दिले, १२०, ३८ आणि २२, आणि खाली स्वतःची पाठ थोपटली की बेरीज बरोबर १८० भरते. तिसरा कोर्स पुण्याच्या एका नावाजलेल्या क्लासचा ऑनलाइन वर्ग. तिथल्या सरांनी प्रामाणिकपणे एका ओळीत कळवलं: 'हा टाइप परीक्षेत येत नाही, सोडून द्या.'

मे महिन्याची वीस तारीख उलटली. इंद्रजित भाऊजी दर दोन दिवसांनी दुकानात डोकावून आनंदला तारीख सांगायचे, कोर्टात सांगतात तशी.

चौथा कोर्स वैदेहीनंच शोधला. साइट ओबडधोबड, एकही चेहरा नाही, हसरा तर नाहीच. चालवणाऱ्या बाई मिताली नाडगौडा, राहणार धारवाड. प्रत्येक तुकडीत चौदा मुलं. दर आठवड्याला एक लेखी सिद्धता, ती बाई स्वतः तपासणार. प्रवेशपरीक्षा कॅमेऱ्यासमोर, आठ प्रश्न, किमान सहा पूर्ण बरोबर, कारणांसकट. 'निकाल आवडला नाही तर पालकांनी फोन करू नये' असंही लिहिलं होतं.

"ही बाई भांडकुदळ दिसतेय," शुभा म्हणाली.

"म्हणूनच पाठव," वैदेही म्हणाली.

उत्तर चाळीस मिनिटांत आलं. 'असा त्रिकोण अस्तित्वात नाही. पंचवीस आणि चाळीस मिळून सत्तरपर्यंत पोचत नाहीत. हे समजायला कोसाइन लागत नाही, पाय पुरतात. ही मापं कुणी घेतली?'

शुभानं ते तीनदा वाचलं. मग लिहिलं: 'एका शेतकऱ्याच्या वाटणीच्या कागदावर होती. मी मोजणीखात्यात आहे. तुमची परीक्षा घेत होते.' त्यावर एका शब्दाचं उत्तर आलं: 'घ्यावीच.'

परीक्षा मे अखेरच्या रविवारी झाली. दोन तास वैदेही कॅमेऱ्यासमोर बसली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "पाच नक्की. सहावंपण. सातवं-आठवं गेलं." चेहरा उजळलेला होता. सहा पुरे होते.

मंगळवारी निकाल आला. पाच.

शुभा तेव्हा वेल्ह्याच्या कचेरीत होती. सहावा प्रश्न वैदेहीनं तिला मोबाईलवर पाठवला. एका त्रिकोणात AB दहा, BC सहा, A कोन तीस अंशांचा. त्रिकोण सोडवा. चेलाडीहून भोरला येताना शुभानं तो वहीच्या पाठीवर सोडवला. C कोन साडेछप्पन्नच्या आसपास, B साडेत्र्याण्णवच्या. तिनं पोरीला फोन लावला.

"तुझं C किती आलं?"

"छप्पन्न पूर्णांक चव्वेचाळीस."

"माझंही तेच. मग चूक काय आहे त्यात?"

"बाईंनी तांबड्यात लिहिलंय, 'दुसरा कुठाय?' एवढंच."

एसटी कापूरहोळच्या वळणावर आली आणि शुभानं वही मिटली. तिला समजलं. चूक वैदेहीची नव्हती, म्हणजे एकटीची नव्हती. मुलीला त्रिकोण तिनंच शिकवले होते, सुट्टीत मोजणीला बरोबर नेऊन, हातात काठी देऊन. शेतात तिसऱ्या कोपऱ्याचा दगड एका जागी असतो. तो डोळ्यांना दिसतो. तो आणखी कुठं असता असं कुणी विचारत नाही; विचारलं तर चंद्राबाईसारखी बाई हसेल. वीस वर्षं बांधावर उभं राहिलेल्या आईनं मुलीला फक्त असलेले त्रिकोण शिकवले होते.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दोघी गच्चीवर गेल्या. शुभानं खडूनं फरशीवर एक लांब सरळ रेघ ओढली, एका टोकाला A लिहिलं. तीस अंशांच्या कोनात पाच मीटर मोजून तिथं B ची वीट ठेवली. मापं निम्मी, कारण गच्ची तेवढीच. विटेशी टेपाचं टोक धरून ती बसली आणि तीन मीटरवरचं टोक वैदेहीच्या हातात दिलं.

"ताणून धर आणि फिरव. रेघेला लागेल तिथं C, तिथं खूण कर."

वैदेही फिरली. टेप रेघेला लागला, तिनं फुली मारली. "हा माझा."

"थांबू नकोस. फिरव."

टेप रेघेच्या पलीकडे गेला, आणि आणखी फिरल्यावर परत रेघेवर आला. A च्या जवळ, पहिल्या फुलीच्या सव्वातीन मीटर अलीकडे. वैदेहीनं दुसरी फुली मारली.

"शी!" ती म्हणाली. "हा इथं होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते."

"पाठ माझी. तू माझ्या मागं उभी होतीस."

"आई, रडू नको हं. मला कागद दे."

शुभा रडत नव्हती. निदान तिचं तसं म्हणणं होतं. वैदेहीनं टेप अडीच मीटरवर धरून फिरवला: रेघेला नुसता टेकला, एकच जागा. दोन मीटरवर धरला: पोचलाच नाही. पाचावर धरला: एक जागा, कारण दुसरी थेट A वर येऊन पडली. अंधार पडायच्या आत गच्ची फुल्यांनी भरली. खालून शेजारच्या सुलक्षणाकाकूंनी ओरडून विचारलं, "काय गं, गच्चीवर मंडप घालताय का?"

रात्रीच्या जेवणाआधी वैदेहीनं सगळं लिहून काढलं. त्रिकोण कधी एक, कधी दोन, कधी एकही नाही, प्रत्येकाचं कारण. साडेतीन पानं. ती बाईंना पाठवताना तिनं माफी मागितली नाही. खाली फक्त लिहिलं, 'आता मला घेणार का?'

उत्तर यायला चार दिवस लागले. शनिवारी सकाळी आलं. 'लिहिलेलं बरोबर आहे. तिसऱ्या पानावर एक पायरी गाळली आहेस, ती भर. प्रवेश नाही. परीक्षा रविवारी होती, मंगळवारी नव्हती. तुझ्यासाठी नियम वाकवला तर आत असलेल्या चौदा जणांनी काय समजायचं? पुढची परीक्षा सप्टेंबरात. तोवर सोबतची साठ गणितं कर. उत्तरं देत नाही.'

वैदेहीनं मोबाईल आईच्या हातात दिला, खोलीत गेली आणि दार लावलं. तासाभरानं उघडलं तेव्हा डोळे लाल होते आणि तिसऱ्या पानावरची पायरी भरलेली होती.

रविवारी अकरा वाजता इंद्रजित भाऊजी आले. काखेत फॉर्म, खिशाला पेन. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि कामाला लागले.

"नापास झाल्याचं लेखी आहे?"

"आहे," शुभा म्हणाली.

"फेरविचाराचा अर्ज केला होता?"

"केला होता."

"फेटाळला?"

"फेटाळला."

"मग प्रकरण संपलं की!" त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. "आनंद, सही कर. उद्या शेवटचा दिवस आहे. शुभा, तूही कर, दोघांची लागते."

"मी करणार नाही, भाऊजी."

"का? अट काय होती?"

"अट होती, मी मान्य केली होती, आणि मी हरले. आता मोडतेय. नीट सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की शुभानं काहीतरी पळवाट काढली. पळवाट नाही. शब्द दिला होता आणि तो मोडतेय."

आनंदनं पहिल्यांदाच वर बघितलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, शुभानं शब्द मोडलेला त्याला आठवत नव्हता.

"वा!" भाऊजी म्हणाले. "आणि हे कशासाठी? जी बाई तुमच्या मुलीला दारात उभं करत नाही तिच्यासाठी! इकडे कॉलेज रेड कार्पेट घालतंय."

"तेच तर. दोन महिने मी कोर्स शोधतेय. ज्यांनी ज्यांनी हिला हुशार म्हटलं त्यांतल्या एकालाही धड त्रिकोण ओळखता आला नाही. ह्या बाईनं हिची चूक काढली. नुसती हिची नाही, माझीही काढली, वीस वर्षांची. मला ती मोजणी करून देत बसली नाही, फक्त विचारलं, दुसरा कुठाय. असं माणूस मी सोडणार नाही. उंबऱ्यावर बसून राहायला लागलं तरी चालेल."

"तीन महिने? बसून?"

"तीन महिने."

"आणि सप्टेंबरात परत नापास झाली तर? तेव्हा कॉलेजही गेलेलं असेल. वर्ष गेलं ते गेलं. हे कोण भरून देणार आहे, तुझी धारवाडची बाई?"

 कालपासून शुभाही स्वतःला हेच विचारत होती, स्वयंपाक करताना, केस विंचरताना. मुलगी परत नापास होऊ शकते. बाई वाकणार नाहीत. आणि मग सगळं भोर म्हणेल की आईच्या हट्टापायी पोरीचं वर्ष बुडालं, आणि ते खोटंही नसेल.

"कुणी भरून देणार नाही," ती म्हणाली.

"तर डिसेंबरात देईन," वैदेही म्हणाली. ती दाराशी कधी येऊन उभी राहिली होती ते कुणाला कळलं नव्हतं. "काका, त्या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर विद्यार्थ्याची सही लागते. मी वाचलाय. ती पण मिळणार नाही."

"मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही, वैदू."

"मधे नाही बोलले. तुमचं संपेपर्यंत थांबले होते."

भाऊजींनी धाकट्या भावाकडे वळून पेन पुढं केलं. "आनंद, तू बोल. अट तुझी."

आनंदनं पेन घेतलं.  त्यानं फॉर्म उलटा-सुलटा केला, तिसरं पान काढलं, सहीची जागा बघितली. मग मुलीला विचारलं, "साठातली किती झाली?"

"तीन."

"कालपासून तीन?"

"हो."

"त्या कॉलेजात दिवसाला दोनशे होतात म्हणे."

"होत असतील, बाबा. माझी तीन झाली."

आनंदनं पेनाला टोपण लावलं आणि भावाच्या खिशाला परत खोचलं. "दादा, राहू दे. अट घातली होती मी, पण हिला तिकडं पाठवून मी सिद्ध काय करणार, तर माझा शब्द खरा. एवढंच ना? त्यापायी पोरीची दोन वर्षं नको." मग तो शुभाकडे वळला. आवाजात मऊपणा नव्हता. "पण शब्द मोडलास हे मी लक्षात ठेवणार आहे."

"ठेवा," शुभा म्हणाली. "मीही ठेवणार आहे."

इंद्रजित भाऊजींनी फॉर्म काखेत मारला. दारात चपला घालताना ते थांबले. राग होता, पण त्याहून जास्त अडचण होती. कॉलेजच्या लोकांना, कोर्टातल्या मित्रांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "आता मी लोकांना काय सांगू?"

"सांगा, पुतणी नापास झाली," वैदेही म्हणाली. "खरंच आहे ते. आठातली पाच आली, हेही सांगा."

ती आत गेली आणि वही पुढं ओढून बसली. चौथं गणित काल दुपारपासून सुटत नव्हतं.